बर्फ नाही, साखर नाही: नागपूरच्या उन्हाळ्यातल्या स्मूदीच्या नोंदी

९ मार्च, रविवार

गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात लेकाला ऊन लागलं. सकाळच्या क्रिकेट शिबिरातून आला तो दाराच्या पायरीवरच बसला. डोकं दुखतंय म्हणाला, मग ओकाऱ्या सुरू झाल्या. संध्याकाळी सलाईन लावावं लागलं. त्या आठवड्यात तो दिवसभर काय काय पीत होता याचा हिशोब मी नंतर मांडला, तर बाटलीतलं केशरी पेय, कोला, गाड्यावरचा बर्फाचा गोळा, आणि पाणी अगदीच नावाला. घरात फळं होती. ती टोपलीत सुरकुतत होती, कारण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात नऊ वर्षांच्या पोराला पपईची फोड नको असते, गार आणि गोड काहीतरी हवं असतं.

म्हणून यंदा ऊन चढायच्या आतच हे काम हाती घेतलंय. नवतप्यापर्यंत (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस), म्हणजे तो लागतो त्या २५ मेपर्यंत, फळांच्या अशा पाच स्मूदी पक्क्या करायच्या ज्या लेक स्वतःच्या हाताने बनवू शकेल. आजींनाही (माझ्या सासूबाई; घरात सगळे आजीच म्हणतात) त्यातला घोटभर घेता यावा. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे.

अटी ठरवून घेतल्या. साखर, मध, गूळ, सिरप, आइस्क्रीम यांतलं काही घालायचं नाही. बर्फ घालायचा नाही. गाळायचं नाही, फळाचा चोथा पोटात गेलाच पाहिजे. प्रत्येक वेळी वजन करून लिहायचं, अंदाजाने नाही.

साहित्य घरातलंच: ७५० वॅटचा मिक्सर, दोन दारांचा फ्रिज, दिवाळीच्या फराळासाठी घेतलेला छोटा वजनकाटा आणि ही वही.

१२ मार्च, बुधवार

केळ्यापासून सुरुवात केली. सोललेली दोन केळी २१० ग्रॅम, फ्रिजमधलं दूध २०० मिली. चव बरी होती, पण गार नव्हतं. केळी बाहेरची, आणि मिक्सरचं पातं फिरताना थोडी ऊब घालतंच. लेकाने अर्धा ग्लास तसाच ठेवला.

बर्फ नको म्हटलं असलं तरी एकदा घालून पाहिला, नेमकं काय बिघडतं ते समजावं म्हणून. चार खडे, वजन ८० ग्रॅम. म्हणजे ग्लासात ८० ग्रॅम पाणी जास्त. गार झालं, पण केळ्याची चव पार उतरली. लेक लगेच म्हणाला, "आता साखर टाक." सगळा घोळ इथेच आहे. बर्फ घातला की चव पातळ होते, चव पातळ झाली की साखर लागते. बाहेरच्या ज्यूस सेंटरवर हेच होतं, आणि तिथला बर्फ कोणत्या पाण्याचा हे विचारायची सोय नसते.

तेव्हा गारवा फळातूनच यायला हवा. आज रात्री चार केळी फ्रीझरमध्ये ठेवली. दोन सालीसकट, दोन सोलून, चकत्या करून स्टीलच्या ताटात.

१३ मार्च, गुरुवार

सालीसकट ठेवलेली केळी काळीठिक्कर पडली आणि दगडासारखी झाली. साल निघेना, शेवटी सुरीने तासावी लागली, त्यात गर वाया गेला. ताटातल्या चकत्या मात्र सुट्ट्या निघाल्या. एकमेकींवर पडलेल्या तेवढ्या चिकटल्या. पद्धत ठरली: एका थरात ताटात पसरायचं, घट्ट झालं की डब्यात भरायचं.

गोठलेल्या चकत्या २०० ग्रॅम, दूध १५० मिली. चमचा उभा राहील इतकं दाट आणि दात शिवशिवतील इतकं गार. लेकाने ग्लास चाटून पुसून ठेवला. पुढच्या वेळी सालीवर काळे ठिपके पडलेली केळी घ्यायची, कारण ठिपके पडेपर्यंत आतल्या पिठूळपणाची साखर झालेली असते. फळवाले ती केळी स्वस्तात देतात, हा वरचा फायदा.

१६ मार्च, रविवार

नागपुरात राहून संत्र्याची स्मूदी जमली नाही तर काय उपयोग. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री अजून बाजारात आहेत. सहा संत्री सोलली, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये टाकल्या, थोडं दही घातलं, फिरवलं. मी चाखली तेव्हा ठीक होती. लेक सायकल फिरवून वीस मिनिटांनी आला, एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "कडू लागून राहिलं, आई."

मला वाटलं नाटक करतोय. मी पुन्हा चाखली. खरोखर कडू, जिभेच्या मागच्या भागाला चिकटून राहणारा कडूपणा. वीस मिनिटांपूर्वी तो नव्हता.

रात्री वाचलं. संत्र्याच्या बिया, फोडीवरचं पापुद्र्याचं आवरण आणि पांढऱ्या शिरा यांत एक द्रव्य असतं. ते मुळात कडू नसतं. फळ चिरडलं की ते रसातल्या आंबटपणाच्या संपर्कात येतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडू. म्हणून ताजा रस गोड आणि ठेवलेला कडू. नागपुरी संत्र्याचा रस टिकवून विकणाऱ्यांना हीच अडचण मोठी असते. सोलून खाताना हा त्रास होत नाही, कारण बी आपण थुंकतो आणि चिरडण्यापासून गिळण्यापर्यंत वेळ जातो तो काही सेकंदांचा.

१९ मार्च, बुधवार

संत्र्याच्या फोडी आवरण काढून, बिया काढून फक्त गराच्या घेतल्या. आजी आणि मी समोरासमोर बसून सोलत होतो, पाच संत्र्यांना पंचवीस मिनिटं लागली. गर ३४० ग्रॅम, गोठवलेलं केळं ८० ग्रॅम, पाण्याचा थेंब नाही. लगेच प्यायल्यावर अप्रतिम. अर्ध्या तासाने किंचित कडसर, पण पिण्याजोगी. पाचांच्या यादीत घेतली, सोबत अट लिहून: केली की प्यायची, ठेवायची नाही. आवरण काढल्याने चोथा कमी झाला, हे मनाला पटत नाही. तरी घेतली.

२४ मार्च, सोमवार

मिक्सर बंद पडला. गोठलेलं केळं आणि गोठलेला चिकू असं भांडं गच्च भरलं होतं, दूध वरून ओतलेलं. मोटर गुरगुरली, जळका वास आला आणि गप्प. मी घाबरले, कारण हाच मिक्सर रोजच्या चटणीचा. उलटा करून पाहिला तर तळाशी लाल बटण बाहेर आलेलं. ताण जास्त झाला की ते आपोआप वीज तोडतं. वीस मिनिटं थंड होऊ दिला, बटण दाबलं, सुरू झाला.

चूक नीट समजून घेतली. कडक तुकडे पात्यावर कमानीसारखे अडकतात. पातं खाली रिकाम्या हवेत फिरत राहतं किंवा एखाद्या तुकड्यात रुतून बसतं. द्रव वर असेल तर तो खाली पोचतच नाही. आता क्रम असा: आधी दूध, दही किंवा ताज्या फळाचा रसाळ भाग, मग मऊ फळ, सगळ्यात वर गोठलेलं. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. गोठलेलं फळ पाच मिनिटं बाहेर ठेवायचं. सुरुवातीला बटण उलटं फिरवून दोन-दोन सेकंदांचे झटके, तुकडे मोडले की मग सलग, तेही अर्ध्या मिनिटाच्या वर नाही.

लेकाला हा क्रम पाठ करायला लावला. भांड्यात हात घालायचा तर आधी वायर काढायची, हे सगळ्यात आधी.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. श्रीखंडासाठी बांधलेल्या चक्क्यातला वाटीभर मुद्दाम बाजूला ठेवला होता. दह्याऐवजी चक्का घातला की स्मूदी पाणचट होत नाही, आणि आंबटपणाही गोल लागतो. बाकी आज काही नाही, घर पाहुण्यांनी भरलंय.

६ एप्रिल, रविवार

टरबूज. पुण्या-मुंबईकडे कलिंगड म्हणतात ते. लेकाचं सगळ्यात आवडतं फळ, आणि स्मूदीला सगळ्यात अवघड, कारण शंभरातले नव्वद-ब्याण्णव भाग पाणीच. नुसतं फिरवलं तर सरबत होतं, आणि दहा मिनिटांत वर फेस, खाली गुलाबी पाणी असे दोन थर.

निवड कशी करायची ते बाजारातल्या एका काकांनी शिकवलं. त्यांच्या गाडीवर लेक टरबुजावर टकटक करत होता. ते म्हणाले, "वाजवून काय समजते बेटा, याले उलटं कर." तळाशी, जिथे फळ जमिनीला टेकलेलं असतं, तिथला डाग पाहायचा. पांढरट असेल तर कच्चं तोडलेलं, लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलावर पिकलेलं. मग दोन सारख्या आकाराची उचलायची आणि जड असेल ते घ्यायचं. आम्ही आणलेलं साडेचार किलोंचं निघालं, आतून पोवळ्यासारखं लाल.

अर्ध्या फोडी बिया काढून गोठवल्या, अर्ध्या फ्रिजमध्ये ठेवल्या. काळ्या बिया आधी काढाव्याच लागतात, नाहीतर त्यांची कच दातांखाली येते. ताजं २५० ग्रॅम खाली, गोठलेलं ३०० ग्रॅम वर, अर्ध्या लिंबाचा रस, पुदिन्याची सहा पानं, चिमूटभर काळं मीठ. गोळ्याच्या बर्फासारखी रवाळ आणि दाट झाली. पंधरा मिनिटं भिजवलेला चमचाभर सब्जा शेवटी नुसता ढवळून घातला. सब्ज्याभोवतीचा बुळबुळीतपणा पाणी थोडं धरून ठेवतो, थर पडायला वेळ लागतो. लेकाला सब्जा डोळ्यांसारखा दिसतो म्हणून आवडतो.

ही स्मूदी शंभर टक्के पक्की. आणि बर्फाच्या गोळ्याची जागा घेणारी.

१० एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस दुधाच्या बाबतीत. पपई आणि दूध, खरबूज आणि दूध, अननस आणि दूध असे तीन ग्लास केले, तिन्ही ताज्या फळांचे. लगेच, दहा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी चाखायचे.

अननसाचा ग्लास दहा मिनिटांतच बिघडला. कडू, आणि काठाला फाटलेल्या दुधाचे कण. पपईचा तीस मिनिटांनी कडसर झाला. खरबुजाचा सगळ्यात शेवटी, पण अर्ध्या तासाने त्यातही तो कडसरपणा जाणवला.

कारण तिन्ही ठिकाणी एकच. या फळांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन. कच्च्या पपईने मटण लवकर शिजतं ते याच गुणामुळे. दुधातलं प्रथिन तुटलं की त्याचे काही तुकडे कडू लागतात. अननस पाच मिनिटं वाफवून घेतला की हे द्रव्य निष्क्रिय होतं, पण मग ताज्या अननसाचा वास जातो. मला तो सौदा नको. गोठवल्याने मात्र फरक पडत नाही, गोठवलेली पपईसुद्धा दुधात कडू झाली, तेही करून पाहिलं.

मार्ग सरळ निघाला: पपईला दूध नकोच, संत्र्याचा रस आणि लिंबू. खरबुजाला दूध चालेल, पण केलं की लगेच संपवायचं. शाळेच्या डब्यासोबत बाटलीत भरून द्यायचं तर दूधवाली कोणतीच फळ-स्मूदी द्यायची नाही. उन्हात दूध तसंही नासतंच.

१५ एप्रिल, मंगळवार

गेले चार दिवस एक गोष्ट छळत होती. चाखताना गोड लागलेलं फळ गोठवून फिरवलं की फिकं लागतं. आज एकच मिश्रण दोन ग्लासांत ओतलं, एक लगेच चाखलं, दुसरं तासभर ओट्यावर ठेवून. फळ तेच, वजन तेच. ओट्यावरचं कितीतरी गोड. जीभ थंड झाली की गोडी कमी जाणवते. आइस्क्रीम वितळल्यावर अतिगोड का लागतं आणि थंड पेयांत एवढी साखर का ओततात, ते यातून कळलं.

आमच्यासाठी याचा अर्थ असा की स्मूदीचं फळ साध्या खाण्याच्या फळापेक्षा एक पायरी जास्त पिकलेलं हवं. अगदी उद्या टाकून द्यावं लागेल त्याच्या आदल्या दिवसाचं. त्या दिवशी ते कापून गोठवायचं. खरी कसोटी फळ कधी गोठवायचं हे ओळखण्याची आहे, मिक्सरचं काम त्यानंतर दोन मिनिटांचं. चिमूटभर सैंधव किंवा काळं मीठ घातलं की गोडी थोडी वर येते, तेवढंच.

फ्रिजवर कागद चिकटवला. टोपलीतलं प्रत्येक फळ रोज सकाळी दाबून, हुंगून पाहायचं, ही लेकाची जबाबदारी.

२१ एप्रिल, सोमवार

नणंद रामटेकहून बेलफळं घेऊन आली. "वहिनी, याची कर ना तुझी स्मूदी." मी फोडलं, गर काढला आणि सरळ मिक्सरमध्ये टाकायला निघाले. आजींनी हात धरला. बेलाच्या बिया फुटल्या की सगळं कडू होतं, आणि बियांभोवतीचा डिंकासारखा चीक पात्याला गुंडाळतो.

त्यांनी गर दोन तास पाण्यात भिजवला, हाताने कुस्करला, मोठ्या भोकांच्या चाळणीतून घासला. वास असा की स्वयंपाकघर देवळासारखं झालं. हे माझ्या अटींत बसत नाही, गाळलेलं आहे, आणि मिक्सरचं नाही. पण आजी चाळीस उन्हाळे हे करत आल्या आहेत आणि मला त्याच्यात सुधारणा करायची नाही. बेलाचं सरबत सरबतच राहील.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे आंबा तोंडात घालत नाहीत, म्हणून आंब्याचे सगळे प्रयोग आजवर थांबले होते. लेक दीड आठवडा आढीभोवती, म्हणजे आंबे पिकत घातलेल्या खोक्याभोवती, घिरट्या घालत होता.

आढी हा या महिन्यातला सगळ्यात मोठा खटाटोप. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. पण गाडीवरचा पिवळाधमक आंबा कशाने पिकला हे नुसतं पाहून ओळखण्याची खात्री मला नाही. म्हणून १९ तारखेला कडक, हिरवे बैंगनफल्ली पाच किलो आणले. आंध्र-तेलंगणाकडचे हे आंबे नागपूरच्या बाजारात हापूसच्या मानाने परवडतात, आणि गरात रेषा जवळजवळ नसते, त्यामुळे गाळायचा प्रश्न येत नाही. विकणारा म्हणाला, "याले आठ-दहा दिवस तणसात ठेवा ताई, मंग पाहा."

तणस (भाताचा पेंढा) मिळालं ते नणंदेकडून. खोक्यात खाली तणस, त्यावर आंबे एकमेकांना न टेकवता, देठ खाली, वर पुन्हा तणस आणि गोणपाट. दर दोन दिवसांनी हात घालून पाहायचं. सहाव्या दिवशी एक सडका निघाला, तो लगेच काढला. आठव्या दिवशी खोलीत शिरताच वास आला. दहाव्या दिवशी देठाजवळ बोट दाबलं की हलकं आत जाऊ लागलं. रंग अजून पूर्ण पिवळा नव्हता, काही फळांच्या खांद्यावर हिरवा होताच, आणि तेच सगळ्यात गोड निघाले. रंगावर जायचं नाही, देठाजवळचा वास आणि तो हलका दाब, एवढंच पाहायचं.

आज आधी आमरस. आजींनी हातानेच पिळला, कोमट दुधाचा हात, वरून सुंठ आणि तुपाची धार. मला तो चाखताना वाटलं, आपल्याकडे आख्खं फळ गाळणं-बर्फ-साखरेशिवाय वाटीत घेऊन पिण्याची चाल किती जुनी आहे. मी नवीन काही शोधत नाहीये, हेच लेकाला आवडेल अशा थंडपणाने देते आहे.

उरलेल्या आंब्यांचा गर काढला. पाच किलोंतला सडका आणि आज रसाला लागलेले सोडून गर एक किलो नऊशे ग्रॅम निघाला. आंबे अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवले होते, देठाचा चीक धुऊन जातो आणि ओठ चरचरत नाहीत.

४ मे, रविवार

आंब्याची स्मूदी. गोठलेल्या फोडी २०० ग्रॅम, चक्का ८० ग्रॅम, पाणी १०० मिली, वेलदोड्याचा एक दाणा. दूध न घालता चक्का आणि पाणी घातल्याने आंब्याचा रंग तसाच केशरी राहिला. लेक म्हणाला, ही विकत मिळणाऱ्यापेक्षा भारी आहे. त्याने हे मी न विचारता म्हटलं म्हणून इथे लिहिते.

साठवणीची एक सोय सापडली. गर पिशवीत चपटा, बोटभर जाडीचा पसरून गोठवायचा. चॉकलेटच्या वडीसारखा हाताने तोडता येतो, मिक्सरवर ताण येत नाही, आणि फ्रीझरमध्ये पुस्तकांसारख्या पिशव्या उभ्या राहतात. प्रत्येक पिशवी २०० ग्रॅमची, वर तारीख.

९ मे, शुक्रवार

दुपारी चार तास वीज नव्हती. फ्रीझरचं दार कोणालाही उघडू दिलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर मधल्या पिशव्या कडक, दाराजवळच्या दोन मऊ झालेल्या. मऊ झालेल्या पुन्हा गोठवल्या नाहीत, रात्रीच वापरल्या. यापुढे दाराजवळ फळं ठेवायची नाहीत.

१४ मे, बुधवार

आजींसाठी. त्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोलून आले होते. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: मधुमेहात फळ चावून खाणं प्यायच्यापेक्षा बरं, कारण पिताना प्रमाण कळत नाही आणि साखर लवकर चढते. गाळलेल्या रसातली साखर तर जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेबरोबर एकाच हिशोबात धरते. घ्यायचीच तर दिवसाच्या फळाच्या वाट्यातून वजा करून, जेवणावर नाही, आणि दही किंवा चक्क्यासोबत.

आजींचा ग्लास वेगळा केला. छोटा स्टीलचा, १०० मिली भरतो. टरबूज थोडं, चक्का जास्त, पुदिना, जिरेपूड, काळं मीठ. चार वाजता, त्या दिवशी दुसरं फळ नाही. पाच दिवस दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासली. आकडे त्यांच्या वहीत आहेत, डॉक्टरांनी पाहिले आणि एवढं चालू ठेवा म्हणाले. आंब्याची स्मूदी त्यांना नाही. आंब्याची एक फोड खातात, डोळे मिटून.

१८ मे, रविवार

चूक झाली, माझी. लेक साडेनऊला शिबिरातून आला, चेहरा लाल, टी-शर्ट ओलाचिंब. मी हौसेने आधीच केलेला आंब्याचा मोठा ग्लास हातात दिला. त्याने दोन दमांत संपवला आणि पंधरा मिनिटांत पोट जड झालं, मळमळ सुरू. गेल्या वर्षीची पायरी डोळ्यांसमोर आली.

नंतर बरा झाला, पण गोष्ट पक्की समजली. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला दाट, गोड, दह्याची स्मूदी कामाची नाही. उन्हातून आल्यावर आधी सावली, पंखा, साधं पाणी घोटघोट. फार घाम गेला असेल तर जलसंजीवनी: दुकानातलं पाकीट, किंवा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. इथे साखर लागते, ती औषध म्हणून, कारण तिच्यासोबत मीठ आणि पाणी आतड्यातून शरीरात ओढलं जातं. माझा साखर नको हा नियम इथे लावायचा नाही. स्मूदी तासाभराने, अंग गार झाल्यावर, खाणं म्हणून.

शिबिरात आता दोन बाटल्या जातात. एकीत पाणी, एकीत मीठ-लिंबाचं पाणी.

२२ मे, गुरुवार

पाच पक्क्या झाल्या: केळं-दूध, संत्र्याची (आता हंगाम संपला, पुन्हा दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची फळं आली की), टरबूज-सब्जा, पपई-लिंबू आणि आंबा-चक्का. पपईत संत्र्याऐवजी आता मोसंबी घेते, तीही सोलून, बिया काढून. चिकू मागे राहिला. गोठवल्यावर त्याचा रवाळपणा जिभेला वाळूसारखा लागतो, दोनदा करून पाहिलं.

फ्रीझरमध्ये आज आंबा नऊ पिशव्या, टरबूज तीन डबे, केळं दोन डबे.

२५ मे, रविवार

आज नवतपा लागला. दुपारी मी कामाने बाहेर होते. चार वाजता परतले तेव्हा ओट्यावर टरबुजाच्या दोन बिया, लिंबाचं साल, मिक्सरची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. भांडं धुतलेलं, पात्याखालची रबराची रिंग वेगळी वाळत घातलेली, हे मी त्याला फक्त एकदा दाखवलं होतं. आजी खिडकीत कूलरसमोर बसून छोट्या ग्लासातून पीत होत्या.

वही उघडी होती. त्याच्या अक्षरात:

"टरबूज ताजं २५०, फ्रीझरचं ३१०. लिंबू पाऊण, कारण लिंबू लहान होतं. सब्जा १५ मिनिट भिजवला, घड्याळ लावून. आजीसाठी वेगळं केलं, चक्का जास्त. आजी म्हणे अजून दे. नाही दिलं. १०० मिलीच."